ताईताच्या पोटात काय घालाल?

ताईत करायला शिकवते असं सांगितलं की माणसं आधी माझ्या गळ्याकडे बघतात, मग दंडाकडे. दोन्ही ठिकाणी काही नसतं. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला आता पाठ झाला आहे. पुढचा प्रश्नही ठरलेला. मराठी माणूस जरा आडवळणाने विचारतो, "याचा काही उपयोग होतो का हो?" गुजराती माणूस सरळ विचारतो, "नीलाबेन, असर थाय?" दोघांनाही माझं उत्तर एकच. चांदीची खात्री माझी, असराची तुमची.

मी या उद्योगात कशी पडले ती हकिकत लांबवत नाही. वडील प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. रविवारी क्वार्टरच्या पायरीवर बसून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळक्या बादल्यांना आणि बंबांना डाख देत, आणि मी चिमटा धरून समोर बसत असे. धातू वितळून फटीत पळत जातो ते बघायला मला कुठल्याही खेळापेक्षा जास्त आवडायचं. पुढे बडोद्यातच धातुकाम शिकले, एका मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर छाणीच्या आमच्या घरातल्या गॅरेजमध्ये ही कार्यशाळा सुरू केली. त्या दिवसापासून आमच्या ह्यांची गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी असते. तिच्यावर पडणाऱ्या लिंबोळ्यांचा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

शनिवार-रविवार असे दोन दिवस. एका वेळी सहा माणसं, कारण सातवं माणूस आलं की कुणाची तरी ओढणी कुणाच्या तरी आगीत जाते. दुपारी आमचे हे कोपऱ्यावरून सेव-उसळ घेऊन येतात. काही जण त्या सेव-उसळीसाठीच पुन्हा नाव नोंदवतात असा माझा संशय आहे.

ताईत म्हणजे काय ते आधी सांगते. चांदीचा पातळ पत्रा सळईभोवती गुंडाळायचा की नळी होते. नळीची शिवण डाख देऊन सांधायची. डाख म्हणजे चांदीच्याच जातीचा, पण तिच्याआधी वितळणारा धातू. शिवणीवर टाकणखाराचं पाणी फिरवायचं, डाखेचे तिळाएवढे तुकडे ठेवायचे आणि बर्नरची ज्योत सगळीकडून फिरवायची. एकाच जागी ज्योत धरली की डाख वितळायच्या आधी नळीच वितळून बसते. मग नळीला एका बाजूने चकतीचं टोपण, तेही डाख देऊन. कडी लावायची. चिंचेच्या पाण्यात उकळून काळवंडलेली चांदी पांढरी करायची. हे सगळं झाल्यावर, धातू गार झाल्यावर, आत जे काय घालायचं ते घालायचं. शेवटचं टोपण आगीशिवाय बसवायचं. ते घट्ट बसेल इतकं घासून घ्यायचं, दाबून बसवायचं, आणि आरपार एक बारीक खिळा ठोकायचा. आग आधी, पोटातलं नंतर. भिंतीवर मी दुसरं काहीही लिहिलेलं नाही, हे एकच वाक्य लिहिलं आहे, मराठीत आणि गुजरातीत.

यात अवघड काही नाही. अवघड आहे ते पोटातलं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते, अशी वस्तू आणा, की ती रस्त्यात पडलेली दिसली तर दुसरं कुणीही उचलणार नाही. यंत्रं नकोत, मंत्र नकोत, इंटरनेटवरून मागवलेले खडे तर मुळीच नकोत. मंत्र हवे असतील तर तो विषय जाणणारी माणसं गावात पुष्कळ आहेत, माझ्याकडे फक्त पत्रा आहे.

हार्दिक नावाचा एक तरुण आला होता, नवी कंपनी काढणारा. त्याने चकचकीत डबीतून एक जांभळा खडा काढला, सोबत सर्टिफिकेट.

"बेन, आ प्रोस्पेरिटी माटे छे."

"हरवला तर रडशील?"

"ना. बीजो मंगावी लऊं."

"मग हा तुझा नाही, दुकानदाराचा आहे. उद्या दुसरं आण."

दुसऱ्या दिवशी त्याने एक गंजलेली चावी आणली. दादाजींच्या फरसाणाच्या दुकानाची. दुकान विकलं, कुलूप गेलं, नव्या मालकाने शटरही बदललं, चावी तेवढी याच्या कंपासपेटीत राहिली. चावी ताईताच्या मानाने फार लांब होती. अर्धी कापू म्हटलं तर पोराने करवत हातात घेतली आणि खाली ठेवली, पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. शेवटी आम्ही चावीएवढा ताईत केला. तो गळ्यात घातला की हार्दिक गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पंचासारखा दिसतो. पण घालतो.

एक सर्जन आले होते, मुलीने बळेच पाठवलेले. सकाळभर "हे सगळं मनाचं समाधान" असं तीनदा ऐकवून झालं. पोटात घालायला त्यांनी काय आणलं होतं? मुतखडा. तोही पेशंटचा नाही, स्वतःचा. म्हणाले, "मॅडम, आयुष्यात मी कुणापुढे गडाबडा लोळलो असेन तर याच्यापुढे." वस्तू माझ्या कसोटीला शंभर टक्के उतरली, रस्त्यात पडला तर कुणी उचलणार नाही. पण डाख अशी ओबडधोबड दिली की मी म्हटलं, डॉक्टर, पेशंटची पोटं तरी नीट शिवत जा. तेव्हापासून दिवाळीला त्यांचा फोन येतो.

धंद्याचं दुःख सांगायचं तर एकच आहे. मांडवीच्या बाजूला ताईत घडवणारे दोन म्हातारे कारागीर होते. गुजरातीत ताईताला मादळियूं म्हणतात, आणि त्यांची मादळियां डोळे मिटून बोटांनी ओळखता येत. दोघेही गेले. आता बाजारात साच्यातून दाबून काढलेले ताईत मिळतात, दोन्ही तोंडं जन्मतःच बंद. त्यात काही घालायची सोयच नाही. लोक ते घेतात, घालतात, आणि आत काय आहे असा प्रश्न कुणाला पडत नाही. मला त्याचा राग येतो, आणि तो राग आमच्या ह्यांना दर दिवाळीला ऐकावा लागतो.

पण मी हा लेख लिहायला बसले ते मोहितेसाहेबांमुळे.

सुधाकर मोहिते कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. सेफ्टी विभागात आयुष्य गेलं. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या गॅस सिलिंडरची नळी वाकवून पाहिली, खिडकी पूर्ण उघडली, आणि वाळूची बादली कुठे आहे ते विचारलं. बादली होती, पण तिच्यात आमच्या ह्यांनी कोथिंबीर लावली होती. मोहितेसाहेब नुसते बादलीकडे बघत राहिले. मी मुकाट्याने दुसरी वाळू आणवली.

चहाच्या वेळी त्यांनी आपलं काम समजावून सांगितलं. कारखान्यात जोडकाम करायचं म्हणजे आग आणायची, आणि आगीला साहेबांची लेखी परवानगी लागते. ज्या टाकीवर किंवा नळावर काम, ती आतून रिकामी आहे, धुतली आहे, वायू नाही, हे स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोहिते सही करत नसत. "आणि मधे काम थांबलं ना, मॅडम, जेवायला म्हणा, चहाला म्हणा, की ती परवानगी संपली. परत आलात की परत आत बघायचं. आत काय आहे ते बघितल्याशिवाय आग नाही." कामगार त्यांना मागून 'ना-साहेब' म्हणायचे, हे त्यांनीच सांगितलं. त्या नावाचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. त्यांच्या सहीखाली कधी कुणाचा केस जळला नव्हता.

मग त्यांनी खिशातून एक लहानशी पितळी डबी काढली. आत कापूस, कापसात काळी, वाळलेली, काडीसारखी एक वस्तू. इतरांना कळलं नाही. मला कळलं, कारण माझ्या सासूबाईंनीही अशी एक डबी जपली होती. ती नाळ होती. बाळाची नाळ वाळून पडली की आपल्याकडे कित्येक घरांत ती टाकत नाहीत, जपून ठेवतात.

"आमच्या केतकीची," मोहितेसाहेब म्हणाले. "हिने ठेवली होती. केतकीच्या बाळंतपणाच्या वेळी चांदीत मढवून तिच्या दंडाला बांधणार होती. गेल्या वर्षी हीच गेली."

केतकीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या वेळचा आठवा महिना चालू होता. मुलगी इंजिनियर, वडिलांसारखीच कशावर विश्वास न ठेवणारी. पण एक दिवस ती आपणहून म्हणाली, "बाबा, आईचं तेवढं राहिलंय, ते करा ना." आता ही गोष्ट सोनाराकडे का नेली नाही? तर सोनार म्हणतो ठेवून जा, उद्या या. आणि नाळ घराबाहेर परक्याच्या हाती ठेवायची नाही, अशी बायकोची ताकीद होती. ती जिवंत असताना त्यांनी तिचं असलं काही मानलं नव्हतं. आता मानायचं ठरवलं होतं. म्हणून रिफायनरीतला माणूस साठीनंतर ताईत शिकायला आला होता.

काम त्यांनी देखणं केलं. हात जड, पण घाई नाही. शिवण अशी बसली की भिंग लावूनही दिसू नये. रविवारी दुपारी नळी तयार झाली, चकतीचं टोपण कापून झालं. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना सांगितलं, टोपण जोडण्याआधी आपापली वस्तू आत सरकवून बघा, लांबी पुरते का. पुरली की काढून ठेवा, मग आग. मोहितेसाहेबांनी नाळ कापसासकट नळीत सरकवली. पुरत होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

ते बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बोलले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. जावयाचा, समीरचा फोन होता. केतकीचं ब्लडप्रेशर एकदम चढलं होतं, तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणत होते, वाट बघण्यात अर्थ नाही, आजच ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल.

"तुम्ही निघा साहेब," मी म्हटलं. "टोपण मी जोडते, मागून घेऊन येते."

"नाही. माझ्याच हातचं हवं. एवढं टोपण जोडतो आणि निघतो."

मी दुसऱ्या टेबलावर वळले. एका बाईंची चांदी बसायला आली होती. मोहितेसाहेबांनी नळी चकतीवर उभी केली, टाकणखार लावला, डाखेचे तुकडे मांडले, बर्नर पेटवला. सगळं क्रमाने, सगळं नीट. वास आधी त्यांनाच आला. केस जळाल्याचा वास. मी मान वळवली तर नळीच्या वरच्या तोंडातून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ओरडले नाहीत. आधी बर्नर बंद केला. मग सिलिंडर बंद केला. शेजारच्या दोघांना हाताने मागे सरकवलं. इकडेतिकडे काही पेटलेलं नाही ना, ते पाहिलं. हे सगळं झाल्यावर मग खुर्चीत बसले.

"आत बघितलं नाही," ते म्हणाले. "मी आत बघितलं नाही, मॅडम."

नळी गार झाल्यावर मी ती कागदावर उपडी केली. कोळशाची एक चिमूट पडली. हात लावला की भुगा होत होती. कापूस, नाळ, वेगळं काही ओळखू येत नव्हतं.

मी व्यवहारी बाई आहे. मला मनापासून वाईट वाटलं, आणि तरीही मी जे म्हणायचं तेच म्हटलं. "साहेब, ही राख परत आत घाला, वरचं टोपण बसवा आणि पोरीच्या दंडाला बांधा. ताईत कुणी उघडून बघत नाही. तिला आज धीर हवाय, आत काय आहे त्याचा हिशेब नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल काहीतरी वेडंवाकडं बोललं की बघावं तसं.

"अपघात लपवला की दुसरा होतो, मॅडम."

राख मात्र त्यांनी नळीत परत भरली, चमच्याच्या दांड्याने, कण न कण. वरचं टोपण नुसतं दाबून बसवलं. खिळा ठोकायला वेळ नव्हता, म्हणून तो राहिला. ते स्कूटरवरून आले होते. मी चावी काढून घेतली आणि लिंबोळ्यांसकट आमची गाडी काढली. बाकीच्यांना आमच्या ह्यांच्या हवाली केलं. ह्यांना डाखेतलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी बर्नरला कुणाला हात लावू दिला नाही, तेवढं पुरे झालं.

गाडीत मोहितेसाहेब एकच वाक्य जुळवत होते. ओठ हलत होते. रविवारची संध्याकाळ जवळ आलेली, सगळं बडोदं खायला बाहेर पडलेलं, चौकाचौकात गाड्या अडकलेल्या. एकदा म्हणाले, "हिला काय सांगू?" मला वाटलं केतकीबद्दल म्हणताहेत. मग लक्षात आलं, ते बायकोबद्दल बोलत होते.

दवाखान्यात केतकी ऑपरेशनआधीच्या खोलीत पलंगावर होती. हिरवा झगा घातलेला, चेहरा सुजलेला, आणि डोळ्यांत ते मागच्या वेळचं सगळं. समीर उशाशी उभा. वडील दिसले आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "झाला?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस हो म्हणेल. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते, म्हणा हो. मोहितेसाहेब पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले, वरच्या साहेबापुढे उभं राहावं तसे.

"ताईत झाला. नाळ आत होती. फोन आला, मी बाहेर गेलो. परत आल्यावर आत न बघता आग लावली. जळली. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. माझी आहे."

केतकीने उशीवरून मान उचलली. खोलीत कुठलंसं यंत्र टिकटिक करत होतं, बाळाच्या ठोक्यांचं असावं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही? आत न बघता?"

"हो."

"आमच्या गॅलरीत साधी उदबत्ती लावू देत नव्हता तुम्ही."

आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली, मग दोन्ही एकदमच. मोहितेसाहेब पलंगाचा दांडा घट्ट धरून उभे होते. "आई असती ना," ती म्हणाली, "तर तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं."

तिने हात पुढे केला. त्यांनी ताईत तिच्या तळव्यावर ठेवला. तिने मूठ मिटली. मला वाटलं, चला, इतकं तरी झालं, जळका का होईना, हातात आहे.

तेवढ्यात नर्स आत आली. ठेंगणी, भराभर चालणारी गुजराती बाई. "चालो बेन, बधुं काढी नाखो. मंगळसूत्र, बुट्टी, वींटी. दोरोय नहीं चाले." ऑपरेशनच्या खोलीत अंगावर धातूचा कणही चालत नाही. इतकी वर्षं मी लोकांना ताईत करायला शिकवते, जपून वापरा, सतत अंगावर असू द्या म्हणते, आणि ज्या दारातून आत जाताना माणसाला त्याची खरी गरज, त्याच दारात तो काढून ठेवावा लागतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. समीर रुमालात एकेक दागिना गोळा करत होता. मंगळसूत्र गेलं, कुड्या गेल्या. नर्सने केतकीच्या मिटलेल्या मुठीकडे बोट केलं.

"ए पण, बेन."

केतकीने मूठ उघडली नाही. "बाबा," ती म्हणाली, "हेही नाही का?"

दवाखान्याचा नियम बरोबर होता. नियम बरोबर असला की मोहितेसाहेबांना त्याच्याविरुद्ध बोलता येत नसे.

केतकीने ताईत डोळ्यांजवळ नेला. टोपण ओढलं. खिळा नव्हता, ते लगेच निघालं. आत बघितलं.

"काजळच झालंय की याचं," ती म्हणाली. आणि नळी वडिलांपुढे धरली. "तीट लावा मला."

मोहितेसाहेबांना क्षणभर उमजलं नाही. मग त्यांनी नळी तळहातावर हलकेच ठोकली. काळा भुगा पडला. तो त्यांनी तर्जनीने चोळला, अगदी मऊ होईपर्यंत, आणि लेकीच्या उजव्या कानामागे एक ठसठशीत ठिपका लावला. घामाने ओल्या कातडीवर तो छान बसला.

"आ शुं करो छो, काका?" नर्स म्हणाली.

तिने वाकून कानामागे बघितलं. मग हातातली हिरवी टोपी केतकीच्या केसांवर चढवली, ती ओढून कानांच्या खालपर्यंत आणली, आणि म्हणाली, "ढंकाई गयुं. चालो हवे, मोडुं थाय छे." उशीर होत होता. चाकं वाजत पलंग बाहेर गेला. चांदी आमच्याकडे राहिली आणि पोटातलं तेवढं तिच्याबरोबर आत गेलं.

आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मी चहा आणला. मोहितेसाहेबांनी कप डाव्या हातात घेतला. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी बाकीच्या बोटांपासून लांब, ताठ धरली होती. समीरला पाणी हवं होतं तेव्हा बाटलीचं झाकणही त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी उघडलं. मी रुमाल पुढे केला. त्यांनी मान हलवली. रिकामा ताईत समीरच्या रुमालात, मंगळसूत्राशेजारी पडून होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मी काय विचार करत होते ते खरं सांगते. बी.पी., भूल, रक्त, आठव्या महिन्याचं बाळ, याचाच. काजळाचा नाही. मी ताईत मानत नाही, आणि त्या बाकावर बसूनही मानत नव्हते.

दार उघडलं ते पुष्कळ वेळाने. एक डॉक्टरीण बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली ओढत. समीर उठला, पण पुढे जाईना. तीच त्याच्याजवळ गेली. मुलगी. वजन कमी आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. आई ठीक आहे. आणि बाळ बाहेर आल्या आल्या रडलं, चांगलं जोरात रडलं.

समीर भिंतीला टेकला आणि खाली बसला. मोहितेसाहेब बसूनच होते. त्यांनी आपली तर्जनी दिव्याच्या उजेडात धरली आणि निरखून बघितली. इतका वेळ जपूनही काळं फिकट झालं होतं, शेंड्यावर, नखाच्या कडेला, थोडं उरलं होतं.

"एवढं पुरेल ना हो, मॅडम?" त्यांनी विचारलं. "बाळाला?"

लहान बाळांच्या त्या खोलीत शिरायचं तर आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावतात, हे मला ठाऊक होतं.

"पुरेल," मी म्हणाले.